सत्तेचाळीस नंबर कोण?

स्पॉटिंग बोर्ड. अमेरिकन फुटबॉलच्या समालोचकापुढे ठेवायचा, दोन फोल्डर उघडून चिकटपट्टीने जोडलेला पुठ्ठा, त्यावर पट्टीने आखलेले चौकोन. एका बाजूला या संघाचे अकरा आक्रमक, त्यांच्या समोर त्या संघाचे अकरा बचावपटू; पुठ्ठा उलटला की त्याच्या उलट. चौकोनात ठळक नंबर, खाली आडनाव, त्याखाली बारीक अक्षरात त्याच्या जागी येणाऱ्या दुसऱ्या मुलाचा नंबर आणि नाव. पहिल्या वर्षाचा मुलगा हिरव्या शाईत, शेवटच्या वर्षाचा लाल. कडेला पेन्सिलीने गाव, वजन, काय शिकतो, गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, मोठा भाऊ याच कॉलेजात खेळला होता का.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९९४ च्या सप्टेंबरमध्ये, ओहायोतल्या एका लहान गावातल्या विद्यापीठाच्या प्रेस बॉक्समध्ये. साताऱ्याहून एम. एस. करायला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. गावच्या रेडिओ स्टेशनला शनिवारी हाताखाली एक विद्यार्थी हवा होता. काम एवढंच की समालोचकाच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं आणि तोंडातून शब्द न काढता बोट दाखवायचं. चेंडू घेऊन कोण पळाला, त्याच्या चौकोनावर उजवं बोट. त्याला कोणी पाडलं, त्याच्या चौकोनावर डावं. समालोचकाची नजर क्षणभर मैदानावरून पुठ्ठ्यावर यायची, परत जायची, आणि दोन्ही नावं बिनचूक बोलली जायची. असं साडेतीन तास.

ते गृहस्थ तेव्हा साठीच्या पुढचे होते. एरवी हार्डवेअरचं दुकान चालवायचे. पुठ्ठा करायला ते सोमवारी रात्री बसायचे. गुरुवारी दुकान लवकर बंद करून सरावाच्या मैदानावर जायचे आणि नव्या मुलांना एकच प्रश्न विचारायचे, ‘तुझी आई तुझं आडनाव कसं म्हणते?’ मुलगा म्हणेल तसं चौकोनात पेन्सिलीने लिहून घ्यायचे, स्वतःच्या खुणा करून. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं आणि माझं नाव पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात लिहिलं. अमेरिकेत तोवर मला हे कोणी विचारलं नव्हतं.

सामना संपला की तो पुठ्ठा बाद. पुढच्या सोमवारी नवा.

*

कॉलेज फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन खेळ. सप्टेंबर ते नोव्हेंबर, दर शनिवारी. एका संघात शंभरावर मुलं. कोणी अठराचा, कोणी बावीसचा. दर डावाला माणसं बदलतात. त्यात एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला खरी वाटत नाही: एका संघात दोन मुलांना एकच नंबर असू शकतो. दोघं एकाच वेळी मैदानात नसले म्हणजे झालं. यूएससी आणि पेन स्टेट या विद्यापीठांच्या जर्सीवर मुलांची नावंही नसतात, फक्त नंबर.

म्हणून या खेळाचं समालोचन अभ्यासाशिवाय होत नाही. समोर दिसतंय ते सांगायचं म्हटलं, तरी दिसतो तो नंबर. नाव घरून आणावं लागतं.

*

साताऱ्यात लहानपणी आमच्या घरी टीव्ही नव्हता. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन करायचे. गल्लीत कुणाकडे तरी ट्रान्झिस्टर लागलेला असायचा आणि आम्ही पोरं ओट्यावर. न पाहिलेलं मैदान आम्हाला पाठ होतं. माझा कान तिथे तयार झाला, आणि म्हणूनच अमेरिकेत आल्यावर नियम कळायच्या आधी मला समालोचक चांगला की वाईट ते कळायला लागलं. भाषा परकी असली तरी माणूस अभ्यास करून बसलाय की वेळ मारून नेतोय, हे आवाजात लपत नाही.

*

हल्ली शनिवारी जे ऐकू येतं त्याच्या मागे पुष्कळदा पुठ्ठा नसतो.

कसं ओळखायचं? क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं, नाव येतं, प्रशिक्षकाचं येतं, बाकीचे सगळे ‘तो मुलगा’, ‘बचावातला एक जण’. पकड झाली की ‘काय पकड आहे!’ आणि नाव चार सेकंदांनी, म्हणजे कुणीतरी कानात सांगितल्यावर. दुसऱ्या सत्रात आलेल्या बदली मुलाला पहिल्याच्या नावाने हाक. गेल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या मुलाचं नाव अजून इथेच. दोन महिन्यांपूर्वी काढलेल्या साहाय्यक प्रशिक्षकाचं कौतुक. सामना चालू असताना भलत्याच सामन्यावर गप्पा, आणि तेवढ्यात इथे एका मुलाने आयुष्यातला पहिला टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण, केलेला.

आपल्याकडे याला पाट्या टाकणं म्हणतात. मला दुसरा शब्द सापडत नाही. तयारीबरोबर आणखी काय काय हरवलं, त्याची ही यादी.

*

मीडिया गाइड. प्रत्येक विद्यापीठ हंगामाआधी छापायचं ते जाडजूड पुस्तक. प्रत्येक खेळाडूवर परिच्छेद, आईवडिलांची नावं, शाळेतले विक्रम, गेल्या शंभर वर्षांचे निकाल, आणि पुढच्या पानांत एक यादी असायची ती नावांच्या उच्चारांची. विद्यापीठांची चढाओढ लागून ही पुस्तकं इतकी फुगली की २००५ मध्ये एनसीएए या नियामक संस्थेने २०८ पानांची मर्यादा घातली. नंतर पैसे वाचवायला बहुतेकांनी छपाईच थांबवली. आता हे सगळं वेबसाइटवर असतं, फुकट, उच्चारांच्या यादीसकट. माझ्याकडे दहा-बारा जुनी गाइड आहेत. त्यातल्या एकावर कोणा अनोळखी समालोचकाने समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन डॉलरला मिळालं. लाइनमनच्या, म्हणजे ओळीत धडकणाऱ्या मुलांच्या, पानांवर जास्त खुणा आहेत, क्वार्टरबॅकच्या पानावर कमी. ज्यांच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं त्यांचा अभ्यास लागत नाही.

*

कीथ जॅक्सन हे नाव मराठी वाचकाच्या कानावर फारसं आलेलं नसणार. १९२८ चा जन्म, जॉर्जियातल्या रूपव्हिलजवळच्या शेतावर वाढलेला माणूस. एबीसी वाहिनीवर त्यांनी कॉलेज फुटबॉल इतकी वर्षं सांगितलं, की अमेरिकेत एका पिढीला शनिवार दुपार म्हटलं की त्यांचाच आवाज आठवतो. मिशिगनच्या एक लाखावर माणसं बसणाऱ्या मैदानाला ‘बिग हाउस’ हे नाव त्यांच्यामुळे चिकटलं. पॅसाडिनातल्या रोझ बोल सामन्याला ‘सगळ्यांचा आजोबा’ म्हणायचे तेही.

त्यांची दुसरी एक सवय मला जास्त मोलाची वाटते. आक्रमणाच्या आणि बचावाच्या ओळीत जे थोराड मुलगे एकमेकांवर धडकतात, ज्यांच्या हातात चेंडू कधी येत नाही, ज्यांची आकडेवारी वर्तमानपत्रात छापून येत नाही, त्यांच्यासाठी जॅक्सन यांनी लाडाचं एक नाव ठेवलं होतं, ‘बिग अग्लीज’.  

त्यांचा शेवटचा सामना ४ जानेवारी २००६, पॅसाडिना. टेक्सास ४१, यूएससी ३८. शेवटचे १९ सेकंद उरले असताना, चौथ्या डाउनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात, टेक्सासचा विन्स यंग स्वतः चेंडू घेऊन कोपऱ्यात शिरला. जॅक्सन यांनी त्या धावेला मोजकेच शब्द दिले आणि पुढे गर्दीला बोलू दिलं. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. १२ जानेवारी २०१८ ला गेले.

*

शांतता. ३० नोव्हेंबर २०१३, ऑबर्नचं मैदान. अलाबामाची शेवटच्या सेकंदाची किक कमी पडली, ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने ती गोलखांबाखाली, मैदानाच्या पार टोकाला झेलली आणि तिथून दुसऱ्या टोकापर्यंत पळत नेली. ऑबर्न ३४, अलाबामा २८. टीव्हीवर व्हर्न लंडक्विस्ट होते. त्यांनी धाव सांगितली, निकाल सांगितला आणि गप्प बसले. पडद्यावर माणसं मैदानात उतरत होती, रडत होती, आणि समालोचक बोलत नव्हते. ज्याला खेळाडू माहीत असतात, त्याला आता काय बोलू याची भीती नसते. २०१६ च्या डिसेंबरात, आर्मी-नेव्ही सामन्यानंतर, लंडक्विस्ट फुटबॉलच्या समालोचनातून बाहेर पडले.

*

डाउन आणि अंतर तोंडाने सांगणं. ‘दुसरा डाउन, सात यार्ड, चेंडू ३४ वर, डाव्या खुणेशी.’ हे आता पडद्याच्या तळाशी लिहिलेलं असतं म्हणून कोणी म्हणत नाही. स्वयंपाकघरात कणीक मळत सामना ऐकणारी माणसं असतात. अंध प्रेक्षक असतात.

*

मध्यंतरातला बँड. कॉलेजचं संगीतपथक, दोन-तीनशे मुलंमुली, आठवडाभर कवायत करून मैदानावर अक्षरं काढतात. ओहायो स्टेटचं पथक १९३६ पासून चालता चालता ‘ओहायो’ हा शब्द लिहितं आणि मोठं सूसाफोन घेतलेला एक वादक शेवटी त्यातल्या ‘आय’वर टिंब होऊन उभा राहतो. टीव्हीवर एके काळी हे दिसायचं. आता मध्यंतरात स्टुडिओतली चार माणसं टेबलामागे बसून दुसऱ्या सामन्यांबद्दल बोलतात.

*

खेळाचे नियम माहीत असणं. हे हरवलेल्या वस्तूंच्या यादीत लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

व्यावसायिक फुटबॉल आणि कॉलेज फुटबॉल दिसायला सारखे, नियमांत वेगळे. व्यावसायिक खेळात चेंडू पकडताना दोन्ही पाय रेषेच्या आत टेकावे लागतात, कॉलेजमध्ये एक पुरतो. व्यावसायिक खेळाडू पाय घसरून पडला आणि कोणी शिवलं नाही तर उठून पळू शकतो. कॉलेजमध्ये गुडघा टेकला की खेळ थांबला, कोणी शिवो न शिवो. बचावपटूने पकडीत अडथळा आणला तर तिकडे गुन्हा घडला तिथे चेंडू ठेवतात, इकडे जास्तीत जास्त १५ यार्ड.

निवृत्त व्यावसायिक खेळाडूला वाहिन्या तज्ज्ञ म्हणून आणतात. नाव मोठं असतं, खेळही खरोखर कळतो, पण तो खेळ रविवारचा, म्हणजे व्यावसायिक. गेल्या शरद ऋतूत एका मोठ्या वाहिनीवर सामना पाहत होतो. कडेच्या रेषेवर मुलाने चेंडू पकडला, एक पाय स्वच्छ आत, दुसरा बाहेर. पंचांनी पकड दिली. तज्ज्ञांनी तीन वेळा ती रीप्ले दाखवत पंच कसे चुकले ते समजावून सांगितलं, दुसरा पाय कुठे पडला ते गोल काढून दाखवलं. मुख्य समालोचक ‘बरोबर, बरोबर’ म्हणत राहिले. पाच मिनिटं झाली, जाहिराती झाल्या, कोणी दुरुस्ती केली नाही.

तो पंच बिचारा बरोबर होता. कॉलेजचे पंच बहुतेक करून सोमवार ते शुक्रवार दुसरी नोकरी करणारे लोक. लाखो घरांमध्ये त्याला चुकलेला ठरवलं गेलं आणि त्याला उत्तर द्यायला माइक नव्हता. मला याचा राग आला आणि अजून आहे.

*

खिडकीतला रेडिओ. १९९७ पासून आठ वर्षं मी अटलांटात नोकरी केली. शेजारी जॉर्जिया विद्यापीठाचे जुने भक्त. शनिवारी ते टीव्ही लावायचे, आवाज पूर्ण बंद करायचे, आणि स्वयंपाकघरातला पांढरा रेडिओ आणून खिडकीत ठेवायचे. चित्र टीव्हीचं, आवाज लॅरी मन्सनचा. पहिल्यांदा मला वाटलं टीव्ही बिघडलाय. शेजारी म्हणाले, ‘टीव्हीवरचा माणूस आज सकाळी आलाय. लॅरी इथेच असतो.’

मन्सन १९६६ पासून २००८ पर्यंत जॉर्जियाचे रेडिओ समालोचक होते. खरखरीत आवाज, आणि सतत काळजी. सामन्याआधी ते समोरच्या संघातला एकेक मुलगा घेऊन तो किती धोकादायक आहे ते सांगायचे, आपलं आज काही खरं नाही असं. सामन्यात आपला संघ वीस गुणांनी पुढे असला तरी काळजी चालूच. माणसं त्यावर हसायची, पण त्या काळजीतून ऐकणाऱ्याला समोरचा अख्खा संघ कळायचा. तयारी केल्याशिवाय इतकी तपशीलवार काळजी करता येत नाही. ८ नोव्हेंबर १९८०, जॅक्सनव्हिल, फ्लोरिडाविरुद्ध जॉर्जिया एका गुणाने मागे, चेंडू स्वतःच्या गोलरेषेपासून सात यार्डांवर. बक बेलूने चेंडू फेकला, लिंडसे स्कॉटने घेतला आणि पळत गोलरेषेपार नेला, फेक आणि धाव मिळून ९३ यार्ड. जॉर्जिया २६, फ्लोरिडा २१. त्या पळण्यावरचं मन्सनचं ओरडणं अजून तिकडे नव्या मुलांना ऐकवतात. ते ‘आपण’ म्हणायचे, ‘आपल्याला’ म्हणायचे. निःपक्षपातीपणाचा आव नव्हता. टीव्हीवाल्याने तसं बोलू नये हे मला मान्य आहे. त्याने मन्सनइतकी माहिती आणावी, एवढंच.

असे आवाज गावोगाव होते. टेनेसीला जॉन वॉर्ड, १९६८ ते १९९८. मिसिसिपी स्टेटला जॅक क्रिस्टल, १९५३ पासून २०११ पर्यंत, अठ्ठावन्न वर्षं. मिशिगनला बॉब युफर.

आता रेडिओ समालोचक आहेत आणि चांगलेही आहेत, पण तो जोड जुळत नाही. तेव्हा टीव्ही आणि रेडिओ दोन्ही हवेतून थेट यायचे, जवळजवळ एकाच क्षणी. १२ जून २००९ ला अमेरिकेतलं जुन्या पद्धतीचं टीव्ही प्रक्षेपण बंद झालं. डिजिटल चित्र काही सेकंद मागे पडतं, इंटरनेटवरून आलं तर आणखी बरंच मागे. खिडकीतला रेडिओ टचडाउन ओरडतो तेव्हा पडद्यावर मुलं अजून रांगेत उभी असतात. उशीर करून आवाज देणारी यंत्रं मिळतात, मी एक घेतलं होतं. दर जाहिरातीनंतर पुन्हा जुळवावं लागायचं. दोन शनिवारांत कंटाळलो.

टीव्हीवर वाईट समालोचक लागला तर प्रेक्षकाच्या हातात एक उपाय होता. तो असा गेला.

*

समालोचक मैदानावर असणं. १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशनवरून कॉलेज फुटबॉलचं पहिलं रेडिओ वर्णन झालं, तेव्हापासून हे गृहीतच होतं. २०२० मध्ये करोनामुळे वाहिन्यांनी समालोचकांना घरून, स्टुडिओतून बोलायला लावलं. तेव्हा ते योग्यच होतं. पण त्यात प्रवासाचा, हॉटेलचा खर्च वाचतो हे ध्यानात आलं, आणि लहान सामन्यांसाठी ती रीत पुढेही राहिली.

घरून बोलणाऱ्याला कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं. बाकावर कोण गुडघ्याला बर्फ लावून बसलाय, पंट, म्हणजे लाथेने दूर मारलेला चेंडू, घ्यायला कोण कंबर बांधतोय, झेंडे कुठल्या दिशेने फडफडताहेत, हे पडद्यात येत नाही. शुक्रवारी प्रशिक्षकांशी समोरासमोर बसून बोलणं होत नाही. सरावाच्या मैदानावर आडनाव विचारायला कोणी जात नाही.

*

मला समालोचकांवर सगळं ढकलायचं नाही. पूर्वी एनसीएए ठरवायची किती सामने टीव्हीवर दाखवायचे ते, आणि ते फार थोडे असत. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला. २७ जून १९८४ ला सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. चांगलं झालं. ज्या लहान विद्यापीठाचा सामना कधी दिसला नसता तो आज दिसतो. पण आता एका शनिवारी इतके सामने असतात, की तेवढी तयारीची माणसं आणायची कुठून? एकाच माणसाला गुरुवारी एक सामना, शनिवारी दुसरा, मध्ये विमानप्रवास.

त्यात मुलं एका जागी राहत नाहीत. २०१८ मध्ये कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांची ऑनलाइन यादी, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, सुरू झालं. २०२१ पासून एक वर्ष बाहेर न बसता थेट नव्या संघातून खेळता येतं. मुलांच्या दृष्टीने हे न्यायाचंच आहे. समालोचकासाठी मात्र गेल्या वर्षीचा पुठ्ठा यंदा अर्धा खोटा.

आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्याची पॅक-१२ ही शंभरावर वर्षांची परिषद, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, फुटली. यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन मध्य-पश्चिमेच्या बिग टेनमध्ये गेले. पॅसिफिकच्या काठची स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट नावाच्या परिषदेत खेळतात. पॅक-१२ ची स्वतःची वाहिनी बंद झाली. तिच्याबरोबर ते समालोचकही पांगले ज्यांना त्या किनाऱ्यावरच्या शाळा, प्रशिक्षक, सामोआहून आणि हवाईहून आलेल्या घराण्यांची लांबलचक आडनावं तोंडपाठ होती. आता ती आडनावं शनिवारी अडखळत येतात, किंवा येतच नाहीत.

म्हणजे तयारी पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे. नेमक्या याच काळात ती कमी होते आहे.

*

आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे, आमच्यापासून अर्ध्या तासावर. त्यांचा मुलगा दक्षिणेतल्या एका विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय संघात शिरला होता. लाँग स्नॅपर. म्हणजे पंटच्या वेळी वाकून, दोन पायांमधून चेंडू १५ यार्ड मागे अचूक फेकायचा आणि लगेच उठून समोरच्याच्या मागे धावायचं. या मुलाचं नाव टीव्हीवर येतं ते फक्त चेंडू चुकीचा गेला तर. चार वर्षं त्याचा एकही चुकला नव्हता. आडनाव आपलं नेहमीचं, ‘कर’ने संपणारं. नंबर ४७.

त्याच संघात दुसरा ४७ होता. बचावातला लाइनबॅकर, नावाजलेला.

एका नोव्हेंबरात नाशिकहून आपल्या स्नॅपरची आजी आली होती. वय ८१. सामना दुपारी बाराचा. आम्हीही त्यांच्याकडे टीव्हीवर पाहायला गेलो होतो. आजींना नातवाने फोनवर शिकवून ठेवलं होतं की आपला संघ लाथ मारायला उभा राहिला की मधे वाकलेला असतो तो मी. प्रत्येक पंटला त्या सोफ्यावरून पुढे सरकायच्या.

तिसऱ्या सत्रात पंट झाली. चेंडू मागे गेला, हा उठला, दोघांच्या मधून निसटला, चाळीस-एक यार्ड धावत गेला, आणि समोरच्या मुलाने चेंडू झेलून एक पाऊल टाकलं न टाकलं तोच त्याच्या कमरेला मिठी घालून खाली पाडलं. एकट्याने. कॅमेरा त्याच्यावर आला. पाठीवर ४७. घरात आरडाओरडा. टीव्हीवर समालोचकाने लाइनबॅकरचं नाव घेतलं. तज्ज्ञ म्हणाले, बघा, एवढा मोठा खेळाडू, पण पंटलाही धावतो, याला म्हणतात नेतृत्व. तीन रीप्ले दाखवल्या, तिन्ही वेळा तेच नाव. पुढच्याच दृश्यात तो लाइनबॅकर बाकाशी हेल्मेट काढून पाणी पिताना दिसत होता.

इंग्रजी आजींना कळत नव्हतं. त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे स्नॅपरच्या वडिलांना, विचारलं, ‘अरे, आता घेतलं ना आपल्या बाळाचं नाव?’

तो म्हणाला, ‘हो आई. तीनदा घेतलं.’

त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि ती चहा टाकायला आत गेली. सामना संपेपर्यंत दुरुस्ती झाली नाही.

संध्याकाळी विद्यापीठाने अधिकृत आकडेवारी काढली. ती प्रेस बॉक्समध्ये बसून नोंदणारे लोक करतात, समोर दोन्ही संघांची यादी आणि शेजारी बोट दाखवायला एक जण घेऊन. वडिलांनी ते पान छापलं. जानेवारीत आजी परत गेल्या तेव्हा घडी करून पर्समध्ये घेऊन गेल्या. नाशिकच्या घरी ते देवघराखालच्या खणात आहे. खालून चौथ्या ओळीत नंबर ४७, त्यांचं आडनाव, आणि पुढे: टॅकल १, एकट्याने.